गाडीवर घालून नेलेलं घर

(दृश्य: तांबड्या कौलांचं लांब छप्पर. मग आत, अंधार.)

आत आलं की डोळे सरावण्याआधी नाकाला धुराचा वास येतो. आता मान वर करा. मधे माळा नाही. नजर थेट काजळलेल्या वाशांपर्यंत जाते. धुराडंही नाही. जमिनीच्या मधोमध उघडी चूल आणि कौलांच्या फटींतून वाट काढणारा धूर.

हे बे-लीफ फार्महाऊस. मूळचं इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या चिडिंगस्टनच्या शिवारातलं. मधलं दालन आणि कोठारांची बाजू १४०५ ते १४३० च्या दरम्यानची; लाकडातल्या वर्षवलयांवरून ते कळलं. दुसऱ्या टोकाची, घरधन्याच्या खोलीची बाजू पाऊणएकशे वर्षांनी जोडलेली. खिडक्यांना काच नाही, नुसते उभे लाकडी गज आणि झडपा.

(दृश्य: घराची समोरची बाजू.)

इथे डोळा फसतो. मधला भाग आत ढकलल्यासारखा वाटतो ना? खालची भिंत मात्र सरळ एका रेषेत आहे. दोन्ही टोकांना वरच्या मजल्याच्या तुळया बाहेर काढल्यात. मधल्या दालनाला वर मजलाच नाही, मग पुढे येणार काय! छप्पर मात्र सलग एकच. म्हणून मधली वळचण तोलायला ते वाकडे टेकू.

(दृश्य: सांध्याजवळून.)

सगळा सांगाडा ओकचा आणि तोही ओला असतानाच घडवलेला. वाळलेला ओक तासायचा म्हणजे हत्याराशी वैर. त्या काळचे सुतार चौकटी आधी आपल्या आवारात आडव्या मांडून जुळवत. सांध्या-सांध्यावर छिन्नीने रोमन आकडे कोरत, कारण सरळ रेघा छिन्नीला सोप्या. मग सगळं सोडवायचं, गाडीवर घालायचं आणि जागेवर उभं करायचं. एका लाकडाला भोक, दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू, दोन्हींतून आरपार ओकची मेख. यातली खरी हुशारी अशी, की दोन्हींतली मेखेची भोकं मुद्दाम केसभर चुकवलेली असत. मेख ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. चौकटींच्या मधे कुडाच्या भिंती: काठ्यांची वीण, वर माती, शेण, पेंढा.

१९६०च्या दशकात तिकडे, घराच्या मूळ जागी, बाऊ बीच धरण आलं. शिवार पाण्याखाली जाणार हे ठरलं. विटांचं घर असतं तर त्याचा ढिगारा झाला असता. याच्या मेखा काढल्या, लाकडांना नंबर दिले आणि घर पुन्हा गाडीवर चढलं. पोचलं वेस्ट ससेक्समध्ये, सिंगल्टनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात. शेजारच्या विंकहर्स्टच्या घरानेही हीच वाट धरली.

(दृश्य: दालन. चूल पेटते.)

संग्रहालयाने घर १५४० च्या सुमाराला असेल तसं मांडून ठेवलंय. धन्याचं मेज दालनाच्या वरच्या टोकाला, दारापासून लांब. चूल अजूनही पेटवतात. धूर आधी डोळ्यांत जातो, मग वाशांकडे.