चरबीची हार्मोन्स आणि कॅन्सरचं पसरणं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. जाड माणसाला कॅन्सर होतोच आणि बारीक माणसाला होत नाही, असं मी आज अजिबात म्हणणार नाहीये. तसा मेसेज उद्या ग्रुपवर फिरला तर तो माझ्या नावावर खपवू नका. हां, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी जी एजन्सी आहे, आयएआरसी, तिने २०१६ साली १३ प्रकारच्या कॅन्सरचा संबंध जास्तीच्या चरबीशी लावलाय, त्यात मेनोपॉजनंतरचा ब्रेस्ट कॅन्सर आहे, गर्भाशयाच्या अस्तराचा आहे, मोठ्या आतड्याचा, किडनीचा, असे बरेच आहेत. पण तो झाला कॅन्सर होण्याचा भाग. मला बोलायचंय ते पसरण्याबद्दल, कारण पेशंट बहुतेक वेळा मूळ गाठीने जात नाही, ती लिव्हरमध्ये, हाडात, फुफ्फुसात गेली की मग सगळं अवघड होतं.

आम्ही शिकत होतो तेव्हा चरबी म्हणजे गोडाऊन, विषय संपला. जास्त खाल्लं की माल आत, उपास केला की माल बाहेर. हे चित्र बदललं ते एका उंदरामुळे. अमेरिकेत मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी आहे, तिथे १९४९ मध्ये एक उंदरांची जात सापडली जी खातच सुटायची आणि फुगत जायची. पुढे तिथल्याच डग्लस कोलमननी अशा एका उंदराचा रक्तप्रवाह नॉर्मल उंदराला जोडून बघितला, शब्दशः दोघांना एकत्र शिवून, आणि काय, जाड्याचं खाणं कमी झालं! म्हणजे नॉर्मल उंदराच्या रक्तात असं काहीतरी फिरत होतं जे या बिचाऱ्याकडे नव्हतंच. ते काय आहे हे कळायला १९९४ उजाडलं, रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमनच्या टीमने तो जीन शोधला, त्यातून बनणाऱ्या हार्मोनचं नाव लेप्टिन, आणि गंमत म्हणजे ते बनतं कुठे, तर चरबीच्याच पेशीत. लगेच पुढच्या एकदोन वर्षांत अडिपोनेक्टिन सापडलं, तेही चरबीतलंच. आता गोडाऊन कसलं म्हणायचं हिला, ही तर ग्रंथी निघाली.

तर लेप्टिनचं काम मेंदूला सांगणं की साठा भरपूर आहे, आता पुरे. चरबी वाढली की लेप्टिनही वाढतं, पण वाढतच राहिलं तर मेंदू दाद देईनासा होतो. सतत ओरडणाऱ्या माणसाकडे आपण दुर्लक्ष करतो ना, तसं. अडिपोनेक्टिनचं नेमकं उलटं, चरबी वाढली की ते घटतं. आता अडचण अशी की लेप्टिन ऐकणारे रिसेप्टर फक्त मेंदूत नसतात, ब्रेस्ट कॅन्सरच्या बऱ्याच गाठींच्या पेशींवरही असतात, आणि लॅबमध्ये बघितलं तर त्या पेशी बहिऱ्या झालेल्या दिसत नाहीत. लेप्टिन चिकटलं की आत स्टॅट-थ्री नावाचा स्विच चालू होतो, पेशी भराभर वाढायला लागते, शेजारच्या पेशीला धरलेला हात सोडते, आजूबाजूची जाळी विरघळवणारी एन्झाइम्स सोडते, नव्या रक्तवाहिन्या मागवते. पसरायला जे जे लागतं ते सगळं यात आलं. अडिपोनेक्टिन यातल्या बऱ्याच गोष्टींना ब्रेक लावतं, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेक ढिला, दोन्ही एकाच वेळी.

इथे मला एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या उंदरांना ब्रेस्टच्या गाठी हमखास होतात अशी एक जात घेऊन त्यांच्यातला लेप्टिनचा जीन बंद केला, २००३ चं काम आहे. उंदीर भयंकर जाड झाले, पण गाठी झाल्याच नाहीत. म्हणजे दोष नुसत्या वजनाचा नाही, लेप्टिनचा, असं वाटतं की नाही? पण मग दुसऱ्या काहींनी अजिबात चरबी नसलेले उंदीर बनवले, त्यांच्यात लेप्टिनही जवळपास नाही, आणि त्यांना गाठी जास्त झाल्या. का, तर चरबीला जागाच नाही म्हणून त्यांचं इन्सुलिन प्रचंड वाढलेलं, अंगात सूज, म्हणजे डोळ्याला दिसणारी नाही, आतल्या आत धुमसणारी, इन्फ्लमेशन म्हणतात ती. त्यामुळे एकाच हार्मोनला व्हिलन ठरवून मोकळं होता येत नाही, मला तरी हे पटतं.

आता ओव्हरीचा कॅन्सर घ्या. पोटात आतड्यांवर चरबीची एक झालर लोंबत असते, ओमेंटम म्हणतात, ओव्हरीचा कॅन्सर पसरताना बहुतेक वेळा तिथे जातोच जातो. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ जणींच्या नोंदी तपासून म्हटलं होतं की बी कुठेही उडेल, पण रुजेल ती मानवेल त्याच जमिनीत. ओमेंटमची जमीन एवढी का मानवते हे शिकागो युनिव्हर्सिटीत अर्न्स्ट लेंगिएलच्या लॅबने २०११ मध्ये दाखवलं. तिथल्या चरबीच्या पेशी आयएल-८ सारखे सिग्नल सोडतात, त्या वासाने म्हणा ना, कॅन्सरच्या पेशी तिकडे ओढल्या जातात. आणि पोचल्यावर? चरबीच्या पेशी आपलं तेल थेट त्यांना देतात, त्या ते जाळून वाढतात. ही ने-आण करणारं एफएबीपी-४ नावाचं प्रोटीन आहे, ते नसलेल्या उंदरांमध्ये ही पसरलेली गाठ फारशी वाढलीच नाही. त्यामुळे साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो असं जे फॉरवर्ड येतं ना, त्याला माझं हेच उत्तर असतं, साखर जरूर कमी करा, पण गाठीला दुसरं जेवण शेजारीच मिळतं.

इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचंही पटकन सांगतो, कारण ब्रेस्टच्या बऱ्याच गाठी त्यावर वाढतात. मेनोपॉजनंतर ओव्हरी थांबते, पण चरबीतलं अरोमाटेज एन्झाइम इस्ट्रोजेन बनवतच राहतं. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटना लेट्रोझोलची गोळी वर्षानुवर्षं घ्यायला लावतात ती हेच एन्झाइम बंद करायला.

मग मी तर बारीक आहे, असं इथे कोणी मनात म्हणत असेल तर थांबा. पुण्यात केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सेम, २२.३. चरबी मात्र युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची, तरी आपल्या बाळांची चरबी त्या मानाने टिकून, घटलेले ते स्नायू. हे काम डायबेटिसच्या अंगाने झालंय, कॅन्सरच्या नाही, पण वजनकाट्यावरून आपल्या चरबीचा अंदाज बांधू नये एवढं त्यातून नक्की निघतं, मोजायची टेप कमरेला लावा.

(श्रोत्यांतून प्रश्न: लायपोसक्शन करून चरबी काढली तर?)

चांगला प्रश्न. अमेरिकेत हे करून बघितलंय, २००४ मध्येच. पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी काढली, जवळजवळ दहा किलो. लेप्टिन उतरलं, पण अडिपोनेक्टिन वाढलं नाही, सुजेचे मार्कर हलले नाहीत, इन्सुलिनही तसंच. आतली चरबी जागच्या जागी होती ना. याउलट बॅरिएट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवायला केलेलं पोटाचं ऑपरेशन, जिच्यात खाणंच कमी होतं, तिचा क्लीव्हलँड क्लिनिकचा २०२२ चा अभ्यास आहे, दहा वर्षांत लठ्ठपणाशी जोडलेले कॅन्सर सर्जरी झालेल्यांत २.९ टक्के आणि न झालेल्यांत ४.९ टक्के. कोणाची सर्जरी करायची हे लॉटरी काढून ठरवलेली ट्रायल नव्हती ती, हे लक्षात ठेवून आकडे बघा.

(प्रश्न: माझ्या बहिणीची केमो चालू आहे, तिने वजन कमी करावं का?)

नाही ताई, स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. केमो चालू असताना उतरणारं वजन चरबीबरोबर स्नायूंचंही असतं आणि ते परवडत नाही. आणि हेही ऐका, किडनीच्या कॅन्सरमध्ये किंवा मेलेनोमाच्या, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरच्या, इम्युनोथेरपीत (शरीराची प्रतिकारशक्तीच गाठीवर सोडतात ती) थोडे जाड पेशंट उलट बरे तग धरतात असं काही अभ्यासांत दिसलंय, त्यावर अजून भांडणं चालू आहेत. लेप्टिन अडवून कॅन्सर थांबवणारं औषध आज कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, कोणी तशी पावडर विकत असेल तर घेऊ नका. बहिणीला जे जेवण जातंय ते जाऊ द्या, प्रोटीन बघा, हॉस्पिटलच्या डायटिशियनला भेटा, आणि केमोच्या प्रत्येक सायकलच्या, म्हणजे फेरीच्या, आधी वजन करून डॉक्टरांना सांगा, कारण बऱ्याच केमोंचा डोस उंची आणि वजनावरूनच काढतात.