‘समुपदेशकाकडे पाठवीन’ ही शिक्षा नव्हे

नमस्कार. मुलग्यांच्या शाळेतील शिस्त या विषयावरील माझ्या मागील व्हिडिओखाली सांगली, मिरज, विटा, कराड अशा गावांतून बऱ्याच पालकांनी थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारला आहे. मुलगा फादरांच्या शाळेत आहे, सातवी-आठवीत आहे, हल्ली मारामाऱ्या करतो किंवा उलट उत्तरे देतो, आणि शाळेने त्याला समुपदेशकाकडे पाठवले आहे. आता घरी आम्ही काय करावे? यातील ‘पाठवले’ या एका शब्दाबद्दल मला आज बोलायचे आहे, कारण माझ्या अनुभवात बरेचसे काम तेथेच बिघडते.

प्राथमिक गोष्टी भरभर सांगून टाकते. आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणण्याची पद्धत आहे, परंतु कॉन्व्हेंट म्हणजे सिस्टरांचा मठ, त्यामुळे फादर किंवा ब्रदर चालवतात त्या मुलग्यांच्या शाळेला तो शब्द लागू पडत नाही. मिशनची प्रत्येक संस्था कॅथलिक असते असेही नाही. मिरजेचे वानलेस रुग्णालय प्रेस्बिटेरियन मिशनने उभारले आणि पाचगणीचे सेंट पीटर्स हे अँग्लिकन परंपरेतले. आपल्या भागातील कॅथलिक शाळांत शिकणारी बहुतेक मुले ख्रिस्ती नसतात, हे तर आपण जाणताच.

आता माझी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जात असे. मला दिलेली खोली म्हणजे शिस्तीचे काम पाहणाऱ्या सरांच्या कार्यालयातच प्लायवूडचे पार्टिशन घालून केलेला कोपरा होता. पलीकडे सर एखाद्या मुलाला झापत असले की माझ्या टेबलावरचा पेनस्टँड थरथरत असे. पहिल्याच महिन्यात सातवीतील एक मुलगा चिठ्ठी घेऊन आला. चिठ्ठीवर नाव, तुकडी आणि कारणाच्या रकान्यात ‘वर्तन’ एवढाच शब्द होता. खाली वर्गशिक्षकांची सही होती आणि माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. तो हात मागे बांधून उभा राहिला, टायचे टोक त्याने चघळून ओले केलेले होते, आणि मी ‘बस बाळ’ म्हणण्याआधीच तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम, परत नाही करणार.’ मी चार प्रश्न विचारले, त्याने चारही वेळा तेच वाक्य म्हटले, मी सही केली आणि तो गेला. पाच मिनिटेसुद्धा झाली नसतील. नोंदवहीत मी ‘समज दिली’ असे लिहिले. समज देणे हे माझे काम नव्हते, हे मला त्या दिवशी उमगले नाही.

पुढील तीन आठवड्यांत तो आणखी दोनदा आला आणि तीच चिठ्ठी, तेच वाक्य. त्यानंतर एकदा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ मी बाटली भरत असताना तो शेजारी उभा होता. मी काहीच विचारले नाही, नुसतेच ‘आज डब्यात काय?’ एवढे म्हटले, आणि तेथे, नळ चालू असताना, त्याने मला व्हॅनबद्दल सांगितले. त्याच्या व्हॅनमध्ये नववीतील तीन मुले मागच्या सीटवर त्याला मध्ये घेऊन बसत, त्याचा डबा उपडा करत, पँट ओढत. शेवटच्या तासाला मारामारी केली की शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घेत असत आणि व्हॅन निघून जात असे. मग वडील कामावरून परस्पर येऊन त्याला दुचाकीवरून नेत. म्हणजे आम्ही ज्याला शिक्षा समजत होतो, ती त्या मुलाने स्वतःसाठी शोधून काढलेली सोय होती, आणि आम्ही मोठी माणसे ती त्याला नियमितपणे पुरवत होतो.

हा प्रसंग मागे एकदा सांगितला तेव्हा एका प्रेक्षकाने लिहिले की मुलगा फार हुशार दिसतो. तो हुशार असेलही, परंतु टाकीजवळ जे सांगता आले ते माझ्या खोलीत का सांगता आले नाही, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. माझ्या खोलीत तो आरोपी म्हणून आला होता. ज्या चिठ्ठीवर ‘वर्तन’ लिहिलेले आहे आणि जी सही घेऊन परत द्यायची आहे, ती मुलाच्या लेखी दंडाची पावती असते, आणि पावती फाडणाऱ्याला कोणी मनातले सांगत नाही. त्यातून वर्ग फक्त मुलग्यांचा. समुपदेशकाच्या खोलीतून परतलेल्या मुलाचे तेथे काय होते हे पालकांना बहुधा ठाऊक नसते. या मुलाला वर्गात ‘पेशंट’ असे नाव पडले होते आणि ते माझ्या सहीमुळे पडले होते.

यात शिक्षकांना खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांचा तास घेताना दोन मुले एकमेकांच्या अंगावर गेली, तर छडी हातात नाही, वर्गाबाहेर उभे करायचे नाही, पालक लगेच फोन करणार, अशा वेळी ‘काउन्सेलरकडे पाठवीन’ हे वाक्य तोंडातून निघते, कारण धमकी म्हणून तेवढेच शिल्लक उरलेले असते. तरीही त्या धमकीने नुकसान शिक्षकाचेच होते. एकदा ती दिली की पुढे ज्या मुलाला खरोखर पाठवायला हवे, म्हणजे जो कोणालाही त्रास देत नाही, डबा न खाता परत नेतो आणि चाचणीत एकाएकी मागे पडतो, त्याला पाठवायची वाट बंद होते. कारण तेथे फक्त वाईट मुले जातात हे तोवर साऱ्या तुकडीला पाठ झालेले असते.

याची गंमत अशी की कॅथलिक चर्चला ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत आहे. चर्चची १९८३ ची जी कायदेसंहिता आहे, तिच्या ९८५ व्या नियमानुसार शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने आपल्याच छताखाली राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे कन्फेशन, म्हणजे पापनिवेदन, ऐकू नये. एखाद्या विद्यार्थ्याने एखाद्या वेळी स्वतःहून मोकळेपणाने तशी विनंती केली तरच अपवाद. मुलाच्या राहण्या-शिकण्याचे निर्णय ज्याच्या हातात आहेत, त्याच्यासमोर मन उघडण्याची सक्ती मुलावर होऊ नये, असा मी त्याचा अर्थ घेते. नियम कन्फेशनपुरता आणि निवासी विद्यार्थ्यांपुरता आहे हे मान्य, पण जे शहाणपण कन्फेशनसाठी चालते ते प्लायवूडच्या पार्टिशनसाठी का चालू नये, हे मला कोणत्याही फादरांनी अजून पटवून दिलेले नाही. काहींनी प्रामाणिकपणे हसून विषय बदलला आहे.

तीच गोष्ट डॉन बॉस्को यांची. इटलीतील तुरिन शहरात रस्त्यावरच्या मुलग्यांसाठी काम उभे करणाऱ्या या धर्मगुरूने १८७७ मध्ये आपल्या प्रतिबंधक शिक्षणपद्धतीवर एक छोटे टिपण लिहिले. मुलाला कोणत्याही प्रकारे मारणे, वेदना होतील अशा रीतीने गुडघ्यावर बसवणे, कान ओढणे हे पूर्णपणे टाळावे आणि अगदी क्वचित प्रसंग सोडले तर समज द्यायची ती सोबत्यांसमोर न देता एकांतात द्यावी, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. शिक्षकाने खेळाच्या मैदानावर मुलांमध्ये असले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. साऱ्याच कॅथलिक शाळा त्यांच्या सेल्सियन संघाच्या नसतात, परंतु त्यांची तसबीर लावलेल्या व्हरांड्यात ओणवी उभी केलेली मुले मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले.

येथे दर वेळी येणारी एक प्रतिक्रिया आधीच घेते. ‘मॅडम, आम्ही मार खाऊनच घडलो.’ असेलही. परंतु मार खाऊन सातवीत शाळा सोडलेला मुलगा या व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहायला येत नाही, त्यामुळे येथे मते मोजून काही सिद्ध होत नाही. दुसरी प्रतिक्रिया अधिक धोकादायक आहे: अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, म्हणजे तेथे मारायला हरकत नाही. २००९ च्या त्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रमती प्रकरणात तो कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असे ठरवले, इथपर्यंत बरोबर. मात्र २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणाखाली मूल आहे अशा व्यक्तीने केलेल्या क्रूरतेबद्दल आहे, आणि त्यात शाळा कोणत्या धर्माची हे विचारलेले नाही.

परत त्या खोलीकडे येते. मुले मला विचारतात, ‘मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’ यावर ‘नाही सांगणार’ असे चटकन म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कन्फेशनमध्ये ऐकलेले फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, हे मुलांनी ऐकलेले असते आणि शाळेतील प्रत्येक बंद दाराला तोच नियम आहे अशी त्यांची समजूत होते. समुपदेशकाला तशी मोकळीक नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती ज्याला मिळते त्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो शिक्षक असो, समुपदेशक असो की शिपाई. म्हणून मी मुलाला सुरुवातीलाच सांगते की तू सांगशील ते मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये बोलणार नाही, परंतु तुला कोणी इजा करत असेल तर मला ते योग्य माणसाला सांगावे लागेल, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. व्हॅनच्या प्रकरणात मी टाकीजवळ हेच म्हटले होते. तो दोन मिनिटे गप्प राहिला आणि म्हणाला, ‘पप्पांना सांगा, सरांना नको.’ मी आधी वडिलांना सांगितले. मुख्याध्यापकांकडे आम्ही दोघे मिळून गेलो, आणि तसे जाणार असल्याचे त्याला आदल्या दिवशी कळवले होते.

बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीबद्दल पुन्हा बजावले. पेटी लागली हे चांगलेच झाले. मात्र मी पाहिलेल्या एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, बरोबर कॅमेऱ्याखाली टांगलेली होती. तिच्यात आतापर्यंत काय निघाले असे मी शिपाईमामांना विचारले, तर ते म्हणाले, चॉकलेटचे कागद.

शाळांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. खोली कार्यालयापासून लांब असावी, ग्रंथालयाशेजारी असल्यास उत्तम, कारण तेथे जाताना मुलाला कोणी ‘कुठे चाललास’ असे विचारत नाही. चिठ्ठीवर कारणाचा रकाना नसावा. तासिका आणि परतण्याची वेळ पुरे. शिक्षा द्यायची असेल तर ती शिक्षकाने द्यावी, त्याच दिवशी आणि चुकीला साजेशी, आणि समुपदेशन त्या शिक्षेच्या हिशेबात धरू नये. चिठ्ठीच्या मागे १०९८ हा बालकांसाठीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक छापावा, म्हणजे मुलाला माझ्याशी बोलायचे नसले तरी दुसरी वाट उरते.

पालकांनी पुढच्या पालकसभेत एवढेच विचारावे की समुपदेशकांची खोली नेमकी कोठे आहे, आणि मुलाला तेथे स्वतःहून जायचे असेल तर कोणाची सही लागते का. विश्रामबागच्या एका पालकांनी मागील व्हिडिओ पाहून हा प्रश्न खरोखर विचारला आणि मिळालेले उत्तर मला लिहून पाठवले: ‘हो, वर्गशिक्षकांची सही लागते. शिस्त म्हणून.’