अवजड ट्रक : तक्त्यातले आकडे आणि रस्त्यावरचा आधार

पडद्यावर शेजारी शेजारी उभे असलेले हे दोन ट्रॅक्टर, म्हणजे ट्रेलर ओढणारे ट्रकचे पुढचे भाग, एकाच कामासाठी बनले आहेत. दोघांच्याही मागे ट्रेलर जोडला जातो, दोघांचीही इंजिने साधारण १३ ते १५ लिटरची असतात आणि दोघेही लांब पल्ल्याचा माल वाहतात. डावीकडचा युरोपातला ट्रॅक्टर समोरून सपाट आहे, चालक इंजिनाच्या वर बसतो आणि इंजिनाची ताकद मागच्या एकाच ॲक्सलला, म्हणजे चाके बसवलेल्या आसाला, मिळते. उजवीकडच्या अमेरिकी ट्रॅक्टरला लांब बोनेट आहे आणि त्याच्या मागच्या दोन्ही ॲक्सलना ताकद पोहोचते. हा फरक आवडीनिवडीचा वाटतो, पण त्याचे मूळ त्या त्या प्रदेशाच्या कायद्यात आहे.

युरोपीय संघाच्या १९९६ च्या निर्देशाने ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांची मिळून लांबी १६.५ मीटरवर बांधून टाकली. एकूण लांबीच मोजली जात असल्यामुळे बोनेटसाठी दिलेला प्रत्येक सेंटिमीटर मालाच्या जागेतून कापला जातो, म्हणून तिथे बोनेट नसलेले ट्रॅक्टरच सोयीचे ठरतात. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गजाळ्यावर अशा जोडवाहनाच्या एकूण लांबीवर मर्यादा घालण्याचा राज्यांचा अधिकार काढून घेतला आणि मोजमाप ट्रेलरपुरते ठेवले. ट्रॅक्टर लांब झाला तरी मालाची जागा कमी होत नाही, हे स्पष्ट होताच तिथे पुढच्या काही दशकांत सपाट तोंडाचे ट्रॅक्टर जवळजवळ दिसेनासे झाले.

ॲक्सलची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. अमेरिकी संघराज्याच्या नियमानुसार एका ॲक्सलवर २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन, आणि जोडॲक्सलवर, म्हणजे जवळजवळ बसवलेल्या दोन ॲक्सलवर मिळून, ३४,००० पौंड इतकाच भार चालतो, तर एकूण वजनाची मर्यादा ८०,००० पौंडांची, म्हणजे सुमारे ३६.३ टनांची आहे. पुढच्या ॲक्सलवर १२,००० पौंड, ट्रॅक्टरच्या जोडॲक्सलवर ३४,००० आणि ट्रेलरच्या जोडॲक्सलवर ३४,००० अशी बेरीज केली, की ती नेमकी ८०,००० येते. तिथल्या नेहमीच्या ट्रकची सगळी रचना या एका बेरजेवर उभी आहे. युरोपात इंजिनाची ताकद मिळणाऱ्या ॲक्सलवर ११.५ टन भार चालतो. त्यामुळे ट्रॅक्टरला मागे एकच ॲक्सल पुरतो, उरलेला भार ट्रेलरचे तीन ॲक्सल घेतात आणि एकूण वजन ४० टनांवर जाते. दोन्हीकडे ॲक्सल पाचच आहेत, त्यांची वाटणी मात्र वेगळी आहे. हा युरोपीय ट्रॅक्टर त्याच भाराने अमेरिकेत उतरवला, तर त्याचे इंजिन कितीही सरस असले तरी पहिल्याच वजनकाट्यावर तो बेकायदा ठरेल.

मर्यादा सैल असतात तिथे ट्रकचे रूपही बदलते. फिनलंडने २०१३ मध्ये ७६ टनांपर्यंतच्या आणि २०१९ मध्ये ३४.५ मीटरपर्यंतच्या वाहनांना परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाच्या दूरवरच्या मार्गांवर एका ट्रॅक्टरमागे अनेक ट्रेलर जोडलेली, ५३.५ मीटर लांबीची रोड ट्रेन धावते. भारताने २०१८ मध्ये ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या आणि सर्वांत मोठ्या जोडवाहनांचे अनुज्ञेय वजन ४९ वरून ५५ टन केले.

अश्वशक्तीचे आकडे या पार्श्वभूमीवर वाचायला हवेत. स्कॅनियाने २०२० मध्ये आणलेले आठ सिलिंडरचे इंजिन ७७० अश्वशक्तीचे आणि ३,७०० न्यूटन मीटर टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, आहे. अमेरिकेत परिचित असलेले कमिन्सचे एक्स १५ हे इंजिन ६०५ अश्वशक्तीपर्यंत मिळते आणि त्याचा टॉर्क २,०५० फूट पौंड, म्हणजे सुमारे २,७८० न्यूटन मीटर आहे. हे आकडे शेजारी मांडून पहिले इंजिन श्रेष्ठ ठरवणे अन्यायाचे होईल, कारण ३६ टनांच्या मर्यादेत पहिल्याची बरीचशी ताकद वापराविना राहील आणि लाकडाने भरलेले ७६ टनांचे वाहन बर्फाळ चढावर नेताना तीच ताकद गरजेची होईल. शिवाय दोन्ही अश्वशक्ती एकसारख्या नाहीत. युरोपात वापरली जाणारी मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅटची असते आणि अमेरिकेतली ७४५.७ वॅटची. तुलना करायचीच असेल तर ती किलोवॅटमध्ये करावी आणि सोबत टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही पाहावे.

आता पडद्यावर एकाच नावाचे, एकाच रंगाचे दोन ट्रक आहेत, पण ते वेगवेगळ्या देशांत विकले गेले आहेत. युरो ६ या युरोपातल्या धूर नियंत्रणाच्या मानकाच्या ट्रकला अत्यल्प गंधकाचे डिझेल लागते. युरोपीय संघात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग आणि अमेरिकेत १५ भाग असते. गंधक जास्त असलेले डिझेल धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांना निकामी करत जाते, म्हणून असे डिझेल मिळणाऱ्या देशांत उत्पादक जुन्या मानकांची इंजिने बसवतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या दोन ट्रकांचे इंजेक्टर, सेन्सर आणि धूर सोडण्याची यंत्रणा वेगळी असू शकते, आणि म्हणूनच एका देशातल्या डीलरकडे दुसऱ्या देशातल्या ट्रकचा सुटा भाग मिळेलच असे नसते.

माहितीपत्रकातले सगळे रकाने भरले, तरी एक रकाना छापलेलाच नसतो. हा ट्रक रात्री दोन वाजता रस्त्यात उभा राहिला, तर तो पुन्हा कधी चालू होईल? माझ्या मते अवजड ट्रकच्या तपशिलांत हा प्रश्न इंजिनाइतकाच मोठा आहे, कारण उभ्या ट्रकमागे नाशवंत माल असतो, ठरलेली वेळ असते आणि घरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेला एक माणूस असतो.

उत्प्रेरक यंत्रणेने हा प्रश्न आणखी तीव्र केला आहे. धूर शुद्ध करण्यासाठी लागणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी रिकामी राहिली किंवा तिथल्या सेन्सरमध्ये बिघाड झाला आणि तो दुरुस्त झाला नाही, तर युरो ६ च्या नियमांनुसार आधी टॉर्क २५ टक्क्यांनी घटतो आणि अखेरीस वेग ताशी २० किलोमीटरवर अडकतो. अमेरिकी नियमांत अखेरचा वेग ताशी अवघा ५ मैल होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हे निर्बंध सैल करण्याविषयी उत्पादकांना मार्गदर्शन दिले. इंजिन धडधाकट असताना केवळ एका सेन्सरमुळे ट्रक थांबतो, आणि तो मोकळा करायला पान्यापेक्षा संगणकाची गरज पडते.

डीलरच्या सेवेतला फरकही ट्रकच्या रचनेतूनच येतो. युरोपीय उत्पादक बहुतेक वेळा इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल स्वतःच बनवतात. बिघाड कुठलाही असो, जबाबदारी एकाच कंपनीची राहते आणि चालकाने चोवीस तास सुरू असलेल्या साहाय्य क्रमांकावर फोन केला, की परदेशातही जवळच्या अधिकृत कार्यशाळेतून मदत निघते. अमेरिकेत मात्र कमिन्सचे इंजिन, ईटनचा गिअरबॉक्स आणि मेरिटॉर किंवा डानाचे ॲक्सल अशी निवड खरेदीदाराने स्वतः करण्याची परंपरा आहे. तेच इंजिन अनेक कंपन्यांच्या ट्रकांत असल्यामुळे त्याची माहिती असलेला मेकॅनिक आणि त्याचे भाग जास्त ठिकाणी सापडतात. दाट वस्तीच्या, छोट्या अंतरांच्या प्रदेशात मला पहिली पद्धत उजवी वाटते. जिथे एका गावापासून दुसरे गाव दिवसभराच्या अंतरावर आहे, तिथे दुसरी अधिक भरवशाची आहे. ऑस्ट्रेलियात दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. व्हिक्टोरियातील बेझवॉटर येथे १९७१ पासून अमेरिकी केनवर्थचे ट्रक बनतात आणि क्वीन्सलँडमधील वेकॉल येथे युरोपीय व्होल्वोचे, आणि ते दोन्ही त्याच तापलेल्या मार्गांवर चालतात.

म्हणूनच डीलरची पारख त्याच्या चकचकीत दालनावरून करू नये. त्याची कार्यशाळा रात्री उघडी असते का, ट्रक जागेवर थांबवणारे भाग, म्हणजे इंजेक्टर, सेन्सर, पाण्याचा पंप, त्याच्या साठ्यात असतात का, आणि सीमेपलीकडच्या कार्यशाळेत हमी लागू पडते का, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

डीलर दूर असेल तर स्वतंत्र मेकॅनिकला दुरुस्तीची माहिती मिळते का, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर देशागणिक बदलते. युरोपीय संघाने युरो ६ च्या २००९ मधील नियमावलीतच अवजड वाहनांच्या उत्पादकांवर ही माहिती स्वतंत्र कार्यशाळांना देण्याचे बंधन घातले. अमेरिकेत २०१५ मध्ये अवजड वाहनांसाठी उद्योगातील संघटनांनी आपसांत करार करून तो मार्ग खुला केला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२२ पासून माहिती पुरवण्याची सक्ती कायद्याने केली, पण ती प्रवासी गाड्या आणि हलक्या मालवाहू वाहनांपुरतीच आहे. ज्या देशात अधिकृत कार्यशाळेपर्यंतचे अंतर सर्वांत मोठे असू शकते, तिथलेच अवजड ट्रक या कायद्याबाहेर राहिले आहेत.