आधी रोजकीर्द, मग खतावणी

(खानापूर तालुक्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

या, पुढं बसा. विषय सॉफ्टवेअरचा आहे: नुसती बाकी न ठेवता घडलेली प्रत्येक गोष्ट ओळीनं नोंदवणं, ज्याला 'इव्हेंट सोर्सिंग' म्हणतात. पण सुरुवात पेढीपासून करतो.

माझे वडील निपाणीला तंबाखूच्या पेढीवर दिवाणजी होते. रोजकीर्दीत, म्हणजे रोजचे व्यवहार क्रमानं लिहायच्या वहीत, खाडाखोड त्यांना खपायची नाही. आकडा चुकला तर उलट नोंद करायची, आधीची ओळ तशीच ठेवायची. एका पावसाळ्यात खतावणी, म्हणजे रोजकीर्दीवरून खातेवार उतरवलेली वही, भिजून लगदा झाली. त्यांनी रोजकीर्द समोर ठेवली आणि आठवडाभर बसून खातं न् खातं पुन्हा उतरवलं. रोजकीर्द भिजली असती तर?

माझं पहिलं सॉफ्टवेअर एका गावच्या दूध डेअरीसाठी होतं. सभासदाच्या नावापुढं एकच रकाना, बाकी. दूध आलं की वाढवायची, पेंड उचलली की घटवायची. दहा दिवसांचं बिल निघालं आणि एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली, घडीवर फाटलेली. "बाळ, म्हशीला सहा पॉइंट आठ फॅट लागलीया, हे बघ. मग बिल कमी कसं?" तासभर शोधलं. बाकी दिसत होती. ती कशी झाली, हे कुठंच नव्हतं. पैसे त्यांना मिळाले, पण हिशेब दाखवून नव्हे, मेहेरबानी म्हणून. ते मला अजून सलतं.

म्हणून सांगतो, घडलेलं लिहा. 'दूध घातलं', 'फॅट लागली', 'पेंड उचलली'. नावं डेअरीतलीच हवीत, 'टाइप तीन' नको. सॉफ्टवेअर सल्लागार अल्बर्टो ब्रँडोलिनीच्या 'इव्हेंट स्टॉर्मिंग' नावाच्या बैठकीत सगळे मिळून अशाच घटना नारिंगी चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावतात. फॅट काढणाऱ्याला त्या भिंतीपाशी उभं करा. चुकलेला शब्द तोच पकडतो. आणि आज्ञा वेगळी, घटना वेगळी. आपला बेळगावी गोड कुंदाच घ्या. 'कुंदा वाढ' ही आज्ञा, नाही म्हणता येतं. 'कुंदा खाल्ला' ही घटना. तो काही ताटात परत येत नाही!

पाचच मिनिटं राहिलीत म्हणतात, तेव्हा प्रोजेक्शन भरभर उरकतो. प्रोजेक्शन म्हणजे आपली खतावणी, घटना ओळीनं वाचून काढलेली. बिघडली तर फेकून द्या, पुन्हा काढा. फक्त पुन्हा काढताना सभासदांना गेलेले जुने एसएमएस परत जाता कामा नयेत, ते काम वेगळं ठेवा. प्रत्येक घटनेला क्रमांक द्या. तीच दोनदा आली तर दुसऱ्यांदा धरू नका. प्रोजेक्शन क्षणभर मागं राहतं, म्हणून उचल द्यायची की नाही, हे त्या सभासदाच्या घटना वाचूनच ठरवा. सगळ्या वाचायला वेळ लागत असेल तर मध्येच तोवरची बाकी लिहून ठेवा, तिला 'स्नॅपशॉट' म्हणतात, पण मूळ घटना पुसू नका. आणि आपल्या भागात मोठी सोय अशी, की त्याच घटनांवरून एका घरी मराठी चिठ्ठी जाते, शेजारी कन्नड.

ती डेअरी मी पुन्हा लिहून दिली. आता फॅट चुकीची चढली तर चिठ्ठीवर दोन ओळी येतात: 'फॅट लागली ६.२', आणि खाली 'दुरुस्त केली ६.८', तारखेसकट.