लाकडी जमीन आणि रोजचं ओलं फडकं

श्रोतेहो, नमस्कार.

घरात सागवानाची जमीन करायची म्हटली, की पॉलिशवाला पहिल्यांदा विचारतो, "ग्लॉसी करू की मॅट?" माझ्या मते हे सगळ्यात शेवटी ठरवावं. आधी बघायचं ते हे, की तुमच्या घरात जमीन पुसतात कशी? आपल्याकडे रोज सकाळी बादली येते, फिनेल पडतं आणि निथळतं फडकं घरभर फिरतं. लाकडाचा खरा शत्रू तोच. फळीच्या पृष्ठभागापेक्षा दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी आत जास्त शिरतं आणि फळीचं कापलेलं टोक तर ते शोषूनच घेतं.

जुन्या वाड्यात माडीवर फळ्यांची जमीन असेल, वर्दळ कमी असेल, तर जवसाचं तेल, म्हणजे आपलं बेलतेल, आणि वरून मेण, यासारखं दुसरं काही नाही. तेल लाकडात मुरतं, वर पापुद्रा धरत नाही. त्यामुळे खुर्ची ओढून चरा पडला तरी तेवढाच भाग काचकागदाने घासायचा आणि पुन्हा तेल चोळायचं. मात्र अधूनमधून नवा हात द्यावा लागतो आणि पाणी साचलं तर डाग पडतो. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. बेलतेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात. वापरलेली प्रत्येक चिंधी मोकळ्या हवेत, सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

लाखेचं स्पिरिट पॉलिश, म्हणजेच फ्रेंच पॉलिश, कपाटावर फार देखणं दिसतं. जमिनीवर मात्र ते नकोच. ओल्या तांब्याचा पांढरा गोल उमटतो आणि सॅनिटायझर सांडलं तर पॉलिशच विरघळतं.

मेलामाइन, म्हणजे कडक थर देणारं एक रासायनिक पॉलिश, बरेच कारागीर सुचवतात, कारण फर्निचरवर त्यांचा हात बसलेला असतो. ते कडक असतं खरं, पण लवचीक नसतं. सागवान पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्या ताणाने कडक थराला बारीक चिरा जातात आणि त्यातून पाणी आत उतरतं.

म्हणून रोज पुसल्या जाणाऱ्या, मुलाबाळांच्या फ्लॅटमध्ये माझी पसंती पीयूला, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारखा थर देणाऱ्या पॉलिशला, तीही थिनरऐवजी पाण्यात कालवलेल्या पीयूला आणि मॅटला. थिनरच्या पीयूचा वास उग्र असतो, आणि बहुतेक प्रकार वर्षांगणिक पिवळट होतात. सागावर ती ऊब काहींना आवडते, ते ठीकच. पण मॅटवर चपलांबरोबर आलेल्या वाळूचे ओरखडे कमी दिसतात, हा रोजचा फायदा आहे. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे पीयू नीट धरत नाही. पहिल्या हाताआधी थिनरच्या फडक्याने फळ्या पुसायला सांगा, आणि पलंगाखालच्या कोपऱ्यात नमुना करून बघा.

जमीन जुनी असेल तर वर पाण्याचा थेंब टाका. काही मिनिटं तो तसाच राहिला, तर थर अजून शाबूत आहे. हलकं घासून एक नवा हात पुरतो. मात्र त्यावर कधी मेण लावलेलं असेल, तर पीयू चिकटणार नाही. ते मेण आधी पूर्ण काढावं लागतं. थेंब मुरला आणि लाकूड काळवंडलं, तर मशीनने घासकाम आलंच. इंजिनिअर्ड लाकडात वरचा खऱ्या लाकडाचा थर काही मिलिमीटरचाच असतो, तेव्हा घासताना हात जपून. लॅमिनेट असेल तर पॉलिशचा खर्चच करू नका. त्याच्या वरच्या थरात लाकूड नसतं, छापील कागद असतो.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. आषाढ-श्रावणात थर वाळायला वेळ लागतो आणि स्पिरिटच्या पॉलिशवर पांढरी झाक येते. शेवटच्या हातानंतर दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता येतं, पण थर आतून पक्का व्हायला आठवडा तरी जातो. तोवर कपाटं सरकवू नका, सतरंजी तर दोन आठवडे अंथरूच नका. आणि पुसायचं ते घट्ट पिळलेल्या फडक्याने, साध्या पाण्याने.