‘आमचं बँक खातं बदललं आहे’

[पडद्यावर: एका कंपनीच्या अकाउंट्स विभागातला संगणक, उघडा इनबॉक्स]

मेल साधाच आहे. नेहमीचा पुरवठादार, नेहमीचा लोगो, खाली नेहमीची सही. ऑडिटमुळे आमचं खातं तात्पुरतं बंद आहे, या वेळचं बिल सोबत दिलेल्या नव्या खात्यावर भरावं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही. ‘चुका शोधा’ हा जुना सल्ला आता फारसा कामाचा उरलेला नाही. नेटकी भाषा आज यंत्राकडून कोणालाही लिहून मिळते.

या युक्तीला मोठमोठे फसलेत. २०१३ ते २०१५ या काळात एव्हाल्डास रिमासाउस्कास या लिथुआनियन माणसाने गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. तैवानची क्वांटा कंप्युटर ही त्यांची खरी पुरवठादार. याने त्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली, तिच्या नावाने बँक खाती उघडली आणि क्वांटाच्या माणसांचे वाटावेत अशा पत्त्यांवरून बिलं धाडली. पुरवठादार खरा, व्यवहार खरा. खातं तेवढं दुसऱ्याचं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला ५ वर्षांची शिक्षा सुनावली.

[पडद्यावर: मोबाइलवर पाठवणाऱ्याचं नाव, बोट त्यावर टेकतं, खाली पत्ता उघडतो]

मोबाइलवर दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव, आणि नाव काय ठेवायचं हे पाठवणाराच ठरवतो. म्हणून नावावर टिचकी मारा आणि पूर्ण पत्ता उघडा. ‘ॲट’च्या चिन्हानंतरचं डोमेन उजवीकडून डावीकडे वाचा. मालक कोण, हे शेवटचे दोन तुकडे सांगतात. शेवट ‘डॉट को डॉट इन’ किंवा ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल तर तीन. ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ हा आयकर विभागाचा पत्ता. पण त्याच ‘इन’पुढे टिंबाऐवजी हायफन देऊन ‘रिफंड डॉट कॉम’ जोडलं, की मालकी ‘इन हायफन रिफंड डॉट कॉम’वाल्याची. डावीकडचं सगळं सरकारी नाव ही निव्वळ सजावट.

अक्षरंही फसवतात. इंग्रजी आर आणि एन जवळजवळ आले की लहान पडद्यावर एम दिसतो. शंका आली तर पत्ता नोटपॅडमध्ये चिकटवून फॉन्ट मोठा करा, किंवा जुन्या, खात्रीच्या मेलमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

लिंकचंही तेच. संगणकावर माउस नुसता वर नेला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंक दाबून धरावी लागते. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिथे थांबा आणि तिथून मागे वाचा. मात्र लिंकचं डोमेन वेगळं दिसलं म्हणजे मेल खोटाच, असंही नाही. बऱ्याच कंपन्या जाहिरातीचे मेल बाहेरच्या सेवेकडून पाठवतात. कुलपाच्या चिन्हाचा इथे उपयोग नाही. ते प्रमाणपत्र फुकट मिळतं, ठगालाही.

[पडद्यावर: जीमेल, तीन टिंबं, ‘शो ओरिजिनल’]

आता आतलं पाहू. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडची तीन टिंबं दाबा, ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर तीन नावं दिसतील: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, हे पाहणाऱ्या या तीन तपासण्या. दिसणारा पत्ता म्हणजे पत्राच्या आत लिहिलेलं नाव. पाकिटावरचा शिक्का वेगळा असू शकतो. डीमार्क या दोन्हींचा मेळ तपासतं. डीमार्कपुढे ‘फेल’ असेल तर हात आखडता घ्या. ‘पास’ असेल तरी त्याचा अर्थ एवढाच, की मेल त्या डोमेनवरूनच आला. डोमेन ठगाचं स्वतःचं असेल तर त्यालाही ‘पास’च मिळतो. नेमका इथेच, थोडंसं तंत्र येणारा माणूस जास्त फसतो.

आणि पुरवठादाराचा खरा मेलबॉक्सच चोराच्या हाती गेला असेल तर? मग पत्ता खरा, तिन्ही तपासण्या पास, खाली आधीचा पत्रव्यवहारसुद्धा जसाच्या तसा. अशा मेलचा खोटेपणा मेलमध्ये सापडत नाही. खातं बदलल्याचा निरोप आला, की जुन्या बिलावर किंवा करारात असलेल्या क्रमांकावर फोन करायचा. मेलमधल्या क्रमांकावर नाही. तो उचलणारा माणूसही ठगांचाच असतो. पैसे सोडायला दोन माणसांची मंजुरी, हा नियम साहेबांच्या ‘तातडीने पाठव’ या मेललाही लागू हवा.

जोडलेल्या फायलींबद्दल थोडं. बिल म्हणून एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल आली तर उघडू नका. त्यातून बहुधा लॉगिनचं नकली पान निघतं. ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ हे बिल नसून प्रोग्रॅम असतो, पण त्यातलं शेवटचं शेपूट विंडोज मूळ सेटिंगमध्ये लपवतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’ आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून ठेवा.

[पडद्यावर: फोनवर १९३० हा क्रमांक]

पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून तो बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा. मग मेलबॉक्समधले फॉरवर्डिंगचे आणि फिल्टरचे नियम उघडून पाहा. पासवर्ड बदलला तरी चोराने लावलेला नियम तसाच राहतो आणि तुमचे मेल गुपचूप बाहेर जात राहतात. तो संशयित मेल मात्र पुसू नका. आयटी विभागाला पाठवताना ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ वापरा. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याच्या नोंदी, गळून जातात आणि तपासणाऱ्याच्या हाती नुसता मजकूर उरतो.