माहोम्सची डावी बाजू कोण सांभाळणार?

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉलकडे सगळेच बघतात, तुम्ही डाव्या टोकाला बघा. ६२ नंबर, जो थूनी. हा लेफ्ट टॅकल, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या रांगेतला डाव्या टोकाचा गडी, नाहीच मुळात, गार्ड आहे, म्हणजे एक जागा आत खेळणारा, आणि त्या जागेवरचा एनएफएल लीगमधला अव्वल माणूस. पण डिसेंबर २०२४ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला उचलून टोकाला उभं केलं, कारण तिथे दुसरं कोणी टिकेचना.

हे काम स्लो मोशनमध्ये बघू. चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, माहोम्स उजव्या हाताने फेकतो, त्यामुळे बॉल घेऊन मागे सरकला की डावीकडे त्याची पाठ असते, आणि नेमका तिकडूनच समोरच्यांचा एखादा चपळ गडी धावत येतो. आता पाय बघा. डावा पाय तिरका मागे, उजवा त्याच्यामागे घासत, पण दोन्ही जुळू द्यायचे नाहीत, जुळले की तोल गेला. कंबर खाली, हात छातीपाशी तयार, पण घाईने पुढे टाकायचे नाहीत, टाकले की समोरचा ते झटकून बाजूने पसार. गार्डला दोन्हीकडे आपली माणसं असतात, टॅकलच्या एका बाजूला नुसतं मोकळं मैदान. थूनीचे हात टॅकलच्या मानाने आखूड, तरी तो बिचारा निभावत होता.

आधी इथे एरिक फिशर होता, २०१३ च्या ड्राफ्टचा (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिला पिक, म्हणजे पहिली निवड. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला, पुढचीच मॅच सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, ती ३१-९ ने गेली. मग ऑर्लँडो ब्राउन आला, चॅम्पियन होऊन गेला, मग डोनोव्हन स्मिथ आला, तोही चॅम्पियन. माझ्या मते घात इथेच झाला, दोन वर्षांत दोन वेगळे टॅकल आणि दोन्ही वेळा ट्रॉफी, मग वाटणारच ना की या जागेवर कोणीही चालतं!

२०२४ ला रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, सुआमाताइया. दुसऱ्याच मॅचमध्ये सिनसिनाटीच्या हेंड्रिक्सनने त्याला असं काही पळवलं की मधेच बाहेर काढावं लागलं. मग वान्या मॉरिस. मग डी. जे. हम्फ्रीज, त्याची मांडीमागची हॅमस्ट्रिंग पहिल्याच मॅचला गेली. मग थूनी.

९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लिन्स, पुन्हा सुपर बोल. ईगल्स ४०, चीफ्स २२, माहोम्स सहा वेळा सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आतच खाली पाडला.

मार्चमध्ये थूनी शिकागोला, बदल्यात २०२६ चा एक चौथ्या राउंडचा पिक, बस. त्याच महिन्यात जेलन मूरला दोन वर्षांचे ३ कोटी डॉलर. एप्रिलमध्ये ओहायो स्टेटचा जॉश सिमन्स, ३२ वा पिक, गुडघ्याचं मोठं दुखणं काढून आलेला, नाहीतर इतक्या खाली मिळालाच नसता. ५ सप्टेंबरला साओ पाउलोत चार्जर्सविरुद्ध डाव्या टोकाला तोच उभा राहिला. मॅच २७-२१ ने हरले, आणि ३ कोटींचा मूर बेंचवर.